अनवाणी गाडी

“तुझ्या गाडीची पायताणं काढ,” भूपालआण्णा म्हणाले.

माझे सँडल मी केव्हाच कुंपणाबाहेर काढले होते. पानमळ्यात अनवाणी जायचं, हे मला आधीच बजावून पाठवलं होतं. पण आण्णांचं बोट माझ्या पायांकडे नव्हतं, रोबोटच्या काळ्या रबरी पट्ट्यांकडे होतं.

“आण्णा, ती त्या पट्ट्यांवरच चालते. ते काढले तर जागची हलणार नाही.”

“रबर हाय न्हवं? मग पायताणच की ते.”

मला हसू आलं आणि रागही आला. दीड वर्ष खपून मी ते यंत्र उभं केलं होतं आणि त्याचं घोडं चपलेवरून अडलं होतं. शेवटी सुशीलाकाकींनी, म्हणजे आण्णांच्या बायकोने, तोडगा काढला. पट्टे विहिरीच्या पाण्याने धुवायचे, कॅमेऱ्याच्या दांड्याला हळदकुंकू लावायचं आणि मग गाडी अनवाणी आहे असं धरायचं. आण्णांनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्या घरात माझ्या रोबोटला कोणी रोबोट म्हटलं नाही. ती अनवाणी गाडीच झाली.

याला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी तेव्हा सांगलीला एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला होते. शेतीत विष कमी जावं म्हणून छोटा रोबोट, एवढाच माझा विषय. पानवेलीला मर लागते. बुंध्याशी बोटभर काळं पडतं, आणि ते माणसाच्या नजरेस येईपर्यंत वेल आतून गेलेली असते, शेजारणीलाही लागण झालेली असते. म्हणून लोक सरसकट सगळ्या मळ्यावर मोरचुदाचं विषारी पाणी मारतात. आणि तेच पान आपण न शिजवता खातो. माझी गाडी गुडघ्याएवढी होती. रांगेतून सावकाश जायची, प्रत्येक बुंध्याचा फोटो काढायची, काळं दिसलं की तेवढ्याच मुळाशी, रोगाची बुरशी मारणाऱ्या मित्रबुरशीचं औषध सोडायची. बाकीच्या वेलींना हातही लावायची नाही.

कागदावर हे फार छान दिसत होतं. पण मळेवाले दारात उभे करीनात. पानमळ्याचं सोवळं देवघरासारखं, मालक कुठल्या का जातीचा असेना. आमचे गाईड मुजावर सर मिरजेचे. त्यांच्या मामांच्या पानपट्टीवर आण्णांच्या मळ्यातलं पान यायचं, त्या ओळखीवर हा एक मळा मिळाला. तोही अर्धाच. अर्ध्या रांगा आण्णांच्या आणि अर्ध्या त्यांच्या थोरल्या भावाच्या, आप्पांच्या. कुंपण एक, फाटक एक, विहीर एक. आप्पांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की माझ्या रांगांत यंत्र येणार नाही. मी म्हटलं, नको तर नको. मला अर्धा मळा पुरत होता. फक्त पूर्ण हंगामाच्या सलग नोंदी हव्या होत्या. मध्ये खंड पडला तर सगळं पुढच्या वर्षी पहिल्यापासून, आणि घरी वडिलांनी पुढच्या वर्षाचं नाव काढायचं नाही असं बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. हातातलं वांगं चिरत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “हे बघ बाळ, ते चार दिवस तेवढे सांगायचे. मळ्याला चालत न्हाई. वेल जळती.”

“कशानं जळते, काकी?”

“आता ते मला काय ठाऊक? माझ्या सासूनं मला सांगितलं, मी तुला सांगितलं.”

मी इचलकरंजीची. आमच्या घरात आईने असलं काही कधी पाळलं नव्हतं. ओठांवर चांगलं लांबलचक उत्तर आलं होतं, ते मी गिळलं. दुसरा मळा कुठून आणणार होते?

पण त्यामुळे एक अडचण उभी राहिली. आतमध्ये पानांची इतकी दाटी होती की गाडी चार रांगा आत गेली की माझ्या लॅपटॉपशी तिचा संपर्क तुटायचा. ओल्या सरीत पट्टा रुतला तर उचलून पुढे ठेवायला कोणीतरी सोबत हवंच. मी बाहेर बसणार त्या दिवसांत हे करणार कोण? मळ्यातले गडी यंत्राला हात लावायला तयार नव्हते. आण्णांचा मुलगा वर्धमान पानांच्या करंड्या घेऊन रोज बाजाराला जायचा. उरली त्याची बायको.

पद्मजावहिनी माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहान. लग्न होऊन तिसरं वर्ष लागलेलं. बारावी शास्त्र शाखेतून झालेली, कृषीच्या पदविकेला प्रवेश मिळालेला आणि त्याच महिन्यात लग्न जमलेलं. घरात ती असून नसल्यासारखी होती. म्हणजे तिला कोणी त्रास देत नव्हतं, फक्त तिला कधी कोणी काही विचारत नसे. भाजी कुठली करायची हेसुद्धा काकी ठरवायच्या.

पहिल्यांदा ती गाडीबरोबर आत गेली तेव्हा मी फाटकाबाहेर चिंचेखाली जीव मुठीत धरून बसले होते. बाहेर आली ती घामाने भिजलेली.

“ताई, ही डावीकडं का ओढती?” तिने आल्या आल्या विचारलं.

“कुठे ओढते?”

“ओढती. धरून चालले न्हवं मी.”

डाव्या पट्ट्याचा ताण खरंच सैल झाला होता. मी पाना काढला, तर ती शेजारी येऊन बसली आणि मला कसं करायचं ते शिकवा म्हणाली. मग महिन्यातले ते दिवस सोडूनही ती यायला लागली. दुपारची भांडी झाली की पदर खोचून हजर. फोटो उघडले की मला आधी सरकवून ती बघायची. पावसाळा सरत आला तेव्हा आण्णांच्या रांगांच्या टोकाला, आप्पांच्या हद्दीला लागून, पाट फुटून पाणी साचायचं त्या कोपऱ्यात पहिलं काळं तिनेच पकडलं. यंत्राने तो डाग मातीचा म्हणून सोडून दिला होता.

“ही माती न्हवं. परत पाठवा गाडी,” ती म्हणाली.

मी परत पाठवली. मर होती. त्या दिवसापासून तो कोपरा तिचा झाला. रोज औषध, रोज फोटो, आणि रोज संध्याकाळी तिचा तोच प्रश्न, “कोपरा काय म्हणतोय?” मला ती फार आवडायला लागली होती. इतक्या महिन्यांत माझ्या कामाबद्दल मनापासून विचारणारं तेवढं एकच माणूस मला भेटलं होतं.

पुढच्या महिन्यात मी बाहेर बसले होते. वहिनी नेहमीप्रमाणे विहिरीच्या अंगाने आली, गाडी सुरू करून दिली तशी आत घेऊन गेली. थोड्या वेळाने काकी माझं जेवण घेऊन आल्या. ताट लांबूनच ठेवत म्हणाल्या, “आज दोघींची गाठ पडली बघ तुमची. पद्मजाबी सकाळधरनं बाजूला बसलीय, मागच्या खोलीत.”

मी घास हातात घेतला तो तसाच राहिला. काकी निघून गेल्या. बऱ्याच वेळाने वहिनी गाडी घेऊन फाटकातून बाहेर आली, इकडेतिकडे बघून घेतलं आणि पट्ट्यांवरचा चिखल पुसायला लागली.

“वहिनी, काकी आल्या होत्या.”

“हं.”

“मागच्या खोलीत आहात म्हणाल्या.”

“खोलीला मागनं दार हाय.”

“अहो, पण कळलं तर?”

तिने फडकं पिळलं. “कोपऱ्यात तीन वेली काळवंडल्यात, ताई. आज औषध चुकलं तर आठ दिवसांत रांग जाईल. वेलीला काय कळतंय कोण बाजूला बसलंय आणि कोण न्हाई. तुम्ही सांगणार हाय काय कुणाला?”

“मी कशाला सांगू?”

“मग झालं.”

दुसऱ्या दिवशीही ती गेली. तिसऱ्या दिवसापासून मीच आत जाऊ शकत होते. कोपरा सावरला. काळं पसरायचं थांबलं, एका वेलीला तर नवा फुटवा आला. तो बघून वहिनी लहान मुलीसारखी हसली. आम्ही दोघींनी त्या दोन दिवसांचा विषय पुन्हा काढला नाही.

आणि मग आप्पांच्या रांगा जळायला लागल्या.

पाट फुटून साचलेलं पाणी त्यांच्या बाजूलाही गेलं होतंच. तिकडे यंत्र नव्हतं, त्यामुळे बुंध्याशी काय चाललंय हे कोणाला दिसलं नाही. जेव्हा दिसलं तेव्हा पानं पिवळी पडून माना टाकत होती. आप्पा सकाळी मळ्यात गेले आणि दुपारपर्यंत बाहेरच आले नाहीत. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्या वेली त्यांनी दरसाल स्वतःच्या हाताने उतरवून, गुंडाळून, पुन्हा चढवलेल्या. मला ते कधी आवडले नव्हते, पण त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

मी त्यांच्यापाशी गेले. म्हटलं, “आप्पा, अजून चार-पाच रांगा वाचतील. गाडी आत सोडू द्या.”

“तुझी गाडी आली आणि मळा बाटला,” ते म्हणाले. “कुणीतरी शिवलंय. उद्या चार माणसं बोलावतो. कोण शिवलं ते कळू दे. मग मळाच काढून ऊस लावायचा का काय ते बघू.”

मी मुजावर सरांना फोन लावला. सर म्हणाले, “घाबरतेस कशाला? फोटो आहेत ना तुझ्याकडे? रोग पाण्यातून आला, कुठल्या कोपऱ्यातून आला, सगळं दिसतं त्यात. दाखव त्यांना.”

फोटो होते. रोज, प्रत्येक बुंध्याचे. त्या दोन दिवसांचेही होते, तारखेसकट, आणि त्यांतल्या बऱ्याच फोटोंत कडेला वहिनीचे पाय होते, जोडव्यांसकट. मी एकही फोटो उघडून दाखवणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी माणसं जमायच्या आधी आण्णा विहिरीवर आले. मी गाडीचे पट्टे धूत होते. ते काठावर बसले, तंबाखू काढली, मळली आणि न खाता टाकून दिली.

“पोरी, तू त्या दिवसांत आत गेली न्हाईस. मला ठाऊक हाय. दिसभर चिंचेखाली असतीस तू.”

“नाही गेले, आण्णा.”

“कोण गेलं तेबी ठाऊक हाय.” ते मळ्याकडे बघत होते. “ओल्या मातीत पाय उमटतात. घरातली पावलं वळखू येतात मला.”

“मग? तुम्हाला खरंच वाटतं का, त्याच्यानं मर आली?”

“मला काय वाटतं त्याला कोण विचारतंय? आप्पाला वाटतं. गावाला वाटतं.” मग म्हणाले, “तू हो म्हण.”

“काय?”

“म्हण, चुकून गेले. तू परगावची. चार शब्द ऐकशील आणि जाशील. तिला हितं जन्म काढायचा हाय.”

“आणि माझं काम, आण्णा? हंगाम अर्धा राहिलाय.”

“त्यापायीच जीभ उचलत नव्हती,” ते म्हणाले आणि उठून गेले.

मला त्यांचा संताप आला. सासरा म्हणून एकदा घशातून आवाज काढला असता तर काय बिघडलं असतं? पण गाडी पुसत बसले तसतसं माझ्या लक्षात आलं की ते म्हणतात ते खोटं नव्हतं. माझं एक वर्ष जाणार होतं. तिचं काय काय जाईल, हे मला मोजताही येत नव्हतं. तिने जे केलं ते माझ्याच गाडीसाठी केलं, असंही मला वाटत होतं. मी ठरवून टाकलं.

अंगणात सतरंजी टाकली होती. आप्पा, आण्णा, गावातले दोन जुने मळेवाले, आणि त्या दिवशी बाजाराला न गेलेला वर्धमान. काकी खांबाला टेकून उभ्या. वहिनी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्याशी.

आप्पांनी आढेवेढे घेतले नाहीत. “घरातल्या बायकांना मी विचारत न्हाई. त्यांना रीत ठाऊक हाय. पोरी, तूच सांग. गेलीवतीस आत?”

मी आण्णांकडे बघितलं. ते आपल्या गुडघ्याकडे बघत होते.

“हो,” मी म्हटलं. “काम अडलं होतं. मीच गेले.”

मला वाटलं होतं, आप्पा ओरडतील. ते फक्त दमल्यासारखे मागे टेकले. “शिकून काय उपयोग झाला गं तुझा,” एवढंच म्हणाले. वर्धमान म्हणाला, गाडी आजच्या आज उचला. मळेवाल्यांपैकी एका म्हाताऱ्याने मळ्याला काय काय विधी करावा लागेल ते सांगायला सुरुवात केली. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी थोडं हलकंही वाटत होतं. आपण एक चांगलं काम केलं, असं काहीतरी.

तेवढ्यात वहिनीने ट्रे खाली ठेवला.

“आप्पा, ताई खोटं बोलत्यात. त्या आत गेल्या न्हाईत. मी गेले.”

“पद्मजा,” वर्धमान म्हणाला.

“दोन दिवस गेले. कोपऱ्याला औषध घालायला. हद्दीजवळच्या आमच्या रांगांत गेले, शेवटच्या वेलीपर्यंत.” तिचा आवाज जराही चढला नव्हता. दुधाचा हिशेब सांगावा तसं ती सांगत होती. “त्या रांगा हिरव्यागार हाईत. जळाल्या त्या तुमच्या, आणि तिकडं मी पाऊलसुदिक टाकलं न्हाई. मळा चार पावलांवर हाय. उठा, बघून या.”

मी आण्णांकडे बघत राहिले. ते आता बोलतील, मला ठाऊक होतं म्हणतील, याची मी अगदी डोळे लावून वाट बघितली. ते गुडघ्यावरची धूळ झटकत होते. दोघे मळेवाले सतरंजीकडे बघत होते. आप्पांनी एकदा फाटकाच्या दिशेने मान वळवली, क्षणभर मला वाटलं की ते उठणार. ते उठले नाहीत. बघायला कोणीच गेलं नाही.

काकी पुढे झाल्या आणि त्यांनी ट्रे उचलून आत नेला.

“काही दिवस माहेरी जाऊन ये,” वर्धमान म्हणाला. तो वाईट नव्हता. तोंड पांढरं पडलं होतं त्याचं. “हितलं निवळलं की आणतो.”

“निवळलं म्हंजे काय झालं की?” तिने विचारलं.

गाडी न्यायला मी छोटा हत्ती टेम्पो बोलावला होता. वहिनीचं माहेर शिरोळला, माझ्या वाटेपासून फार आडबाजूला नव्हतं. म्हणून तिलाही त्यातच बसवलं. मागे दोरखंडाने बांधलेली गाडी, पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघी, तिच्या मांडीवर एक पिशवी. निरोपाला काकी फाटकापर्यंत आल्या होत्या. त्यांनी वहिनीच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

दोन्ही बाजूंना ऊस होता. मला तिचं सांत्वन करायचं होतं आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. शेवटी तीच बोलली.

“उद्या कोपऱ्याला औषध कोण घालणार?”

माझा तोल सुटला. इतक्या वेळचं सगळं तिच्यावरच निघालं. “अजून तुम्हाला तो कोपराच दिसतोय? वहिनी, काय गरज होती बोलायची? मी घेतलं होतं ना अंगावर? माझं वर्ष गेलं ते गेलंच, आणि तुम्हीही घराबाहेर पडलात. कशासाठी? खरं बोलायचं म्हणून?”

“खऱ्यासाठी न्हाई,” ती म्हणाली.

“मग?”

ती माझ्याकडे वळली. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना बघितलं होतं, थकलेली बघितली होती. रागावलेली पहिल्यांदाच बघत होते, आणि ती माझ्यावर रागावली होती.

“त्या रांगा मी जगवल्या, ताई. तुम्ही चिंचेखाली होता. लग्न झाल्यापासनं त्या घरात मी एक काम माझ्या मनानं केलं, आणि ते तुमच्या नावावर लागत होतं. वंगाळ म्हणून का होईना, पण तुमच्याच.”

ड्रायव्हरने गिअर बदलला. मला म्हणायचं होतं की मी तुम्हाला वाचवत होते, पण ते वाक्य तोंडातून निघेना. शिरोळचा फाटा आला तेव्हा तिने पिशवी उचलली, टेम्पो थांबायच्या आधीच दाराला हात घातला आणि खाली उतरून घराच्या वाटेला लागली.